लुदिया आणि यमुना
असोदे गावी या आठवड्यात बायबलातील 'प्रेषितांची कृत्ये' वाचीत असता, फिलिप्पै नगरात जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या आणि पौलाला आग्रहाने घरी उतरविणाऱ्या थुवतीरेच्या लुदियेपाशी मी फार वेळ थबकलो. कारण आद्य ख्रिस्ती मंडळीचा कारभार दिवाणखान्यांतून नव्हे, अशा कष्टाळू गृहांतून चालला, हे कपाशीच्या आमच्या मुलखास चटकन उमगते. मागोमाग बाबा पदमनजींची १८५७ सालची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी हाती घेतली. विधवांची विपन्नावस्था पाहत हिंडणारी, पुढे स्वतःच वैधव्य भोगणारी यमुना अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. उपदेशाचा भार अंमळ जड आहे खरा, परंतु प्रीतिकथा म्हणजे शास्त्राभ्यासातील कुचराई, असे मानणाऱ्या वाचकबंधूंचा दावा मला सर्वस्वी नामंजूर आहे: लुदियेच्या घरी जमलेल्यांनाही संसार होतेच.