आयता मसुदा, कच्चा वकील

डहाणूजवळच्या आगरहून एका भगिनीने विचारले आहे, ‘मुलगी वकील झाली, सनद मिळाली, डहाणूच्या कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली जाते. पण नातेवाईक म्हणतात, आता ही कामे संगणकच करतो. उमेदवारीत वर्षे घालवण्यापेक्षा तिच्यासाठी स्थळ पाहा. काय करावे?’

ताई, तिला मुळीच थांबवू नका. मात्र ती तिथे काय शिकते, याची चौकशी जरूर करा.

पूर्वी ज्युनियर म्हणजे हरकाम्याच! तारखा टिपायच्या, जाडजूड पुस्तकांतून जुने निकाल शोधायचे, नोटिशीचा मसुदा करायचा आणि साहेबांनी खोडला की पुन्हा लिहायचा. कंटाळवाणे खरे, पण वकील घडायचा तो त्यातच. एक निकाल शोधताना दहा निकाल नजरेखालून जायचे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्रॅम मसुदा दोन मिनिटांत पुढे ठेवतो. वेळ वाचला, पण शिकवणी हुकली. ज्या हाताने कधी भाकरी थापली नाही, त्याला पिठाची विरी गेली आहे हे कळणार कसे?

आणि हे पीठ बरेचदा फसवे निघते, बरे का! हा प्रोग्रॅम कपाटातून पुस्तक काढून देत नाही. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, त्या अंदाजाने वाक्ये जुळवतो. त्यामुळे कधीच न झालेला निकालही पक्षकारांची नावे आणि साल यांसकट छापल्यासारखा समोर येतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात असे सहा खोटे निकाल दाखल झाले आणि वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. त्यातले एक तीस वर्षांचे अनुभवी होते! आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेले पडताळल्याशिवाय वापरू नका, असे न्यायालयाने बजावले.

शिवाय डहाणू-तलासरी हा अनुसूचित भाग. आदिवासीची जमीन दुसऱ्याच्या नावावर करायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची बंधने आहेत. जुने फेरफार चाळावे लागतात, वारली बोलीत सांगणाऱ्या आजीचे शांतपणे ऐकावे लागते. तिने कोणती गोष्ट सांगायची टाळली, ते समोर बसणाऱ्या माणसालाच उमगते. इथे चूक झाली तर वकिलाचा कागद वाया जातो, पण पक्षकाराचे शेत जाते.

तेव्हा लेकीला चार गोष्टी सांगा. पहिला मसुदा स्वतःच्या हाताने लिही; यंत्राचा नंतर शेजारी ठेवून फरक बघ. कोणताही निकाल मूळ प्रत वाचल्याशिवाय पुढे करू नकोस. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पक्षकाराची नावे, घरगुती भांडणे, कागदपत्रे बाहेरच्या प्रोग्रॅमला देऊ नकोस. ती विश्वासाने सोपवलेली असतात. आणि वाचलेल्या वेळात साहेबांबरोबर कोर्टात उभी राहा, उलटतपासणी ऐक.

राहिला पैशांचा प्रश्न. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. सक्ती नाही, पण विषय काढायला लाजू नये. सहा महिन्यांनी तिला एवढेच विचारा, ‘साहेबांनी तुझे किती मसुदे खोडले?’ उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तर लग्नाची नव्हे, दुसऱ्या सीनियरची चौकशी सुरू करा!