निकाहनाम्यातला तो रकाना खोडा

गेल्या महिन्यात सकाळी मुलुंडहून ऐरोलीला कामावर निघालो होतो. बस खाडीपुलावर असताना चुलतभावाचा फोन आला. वय सव्वीस, मेकॅनिकलची पदवी, पुण्यात बरी नोकरी, आणि निकाह तोंडावर आलेला. आधी हॉलचं भाडं झालं, मग केटररच्या कटकटी झाल्या. शेवटी आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "भाई, एक विचारू का? रागावू नका. पहिल्या रात्री काही आलं नाही तर... म्हणजे काय समजायचं?"

मला कळायला जरा वेळ लागला. तो चादरीवरच्या रक्ताबद्दल विचारत होता.

मी त्याच्यावर रागावलो नाही. निदान त्याने विचारलं तरी. शंका मनात ठेवून लग्न करणारे आणि त्या शंकेवर आयुष्यभर बायकोला छळणारे काय कमी आहेत? राग आला तो दुसऱ्यांचा. या मुलाने मकतबमध्ये गुस्लचे फराइज पाठ केले, शाळेत बारावीपर्यंत जीवशास्त्र घेतलं, चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. इतक्या उस्तादांपैकी एकानेही त्याला बाईच्या शरीराबद्दल एक धड वाक्य सांगितलं नाही. दोस्तांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या क्लिपांनी मात्र सगळं सांगितलं, आणि सगळं चुकीचं.

तर आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर. काही आलं नाही तर काहीही समजायचं नाही.

हायमेनला मराठी पुस्तकांत योनिपटल म्हणतात. त्या 'पटल' शब्दामुळेच निम्मा घोळ होतो. ते दार बंद करणारं सील नाही. योनीच्या तोंडाशी कडेने असलेली ती लवचीक झालर आहे, जन्मापासून प्रत्येकीची वेगळी. मध्ये वाट असतेच, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर कसं आलं असतं? पहिल्या संबंधात काहींना थोडं रक्त येतं, पुष्कळ जणींना अजिबात येत नाही. आणि येतं तेव्हा बरेचदा कारण असतं भीती, कोरडेपणा आणि नवरदेवाची घाई. म्हणजे ज्याला आपण बायकोच्या पाकदामनीचा पुरावा म्हणतो, तो अनेकदा नवऱ्याच्या अडाणीपणाचा असतो.

हे माझं मत नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या सॅन अँटोनिओ इथल्या डॉक्टरांनी ३६ गरोदर किशोरवयीन मुलींच्या तपासण्यांच्या नोंदी पाहिल्या. त्यांचं संशोधन २००४ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात आलं. संबंध झाल्याचा निश्चित शारीरिक पुरावा ३६ पैकी फक्त दोघींमध्ये सापडला. पोटात मूल आहे, आणि तरी तपासणीत काही दिसत नाही! २०१७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या एका संशोधक डॉक्टरने आणि जागतिक आरोग्य संघटनेतल्या तज्ज्ञाने मिळून कौमार्य तपासणीवरचे १,२६९ अभ्यास चाळले. निकषांत बसणारे १७ निघाले. निष्कर्ष असा की या तपासणीतून काहीही सिद्ध होत नाही, बाईला इजा मात्र होते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी ही तपासणी जगभर बंद करा असं एकत्र आवाहन केलं.

आपल्यातले निम्मे लोक आयटीत आहेत, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. जी टेस्ट खऱ्याला फेल करते, खोट्याला पास करते, आणि जिचा निकाल पैसे भरून क्लिनिकमध्ये शिवून घेता येतो, ती आपण प्रोडक्शनवर सोडली असती का? मुंबईत हायमेनोप्लास्टीच्या जाहिराती उघड चालतात. हे गिऱ्हाईक कुणी तयार केलं? चादर बघणाऱ्या घरांनी.

आता सेवाग्रामची गोष्ट. ही आपल्या राज्यातली आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. तिथले न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी साधा प्रश्न विचारला. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला 'कौमार्याची लक्षणं' म्हणून जे शिकवतात, त्याला आधार काय? पुस्तकांत 'खरी कुमारी' आणि 'खोटी कुमारी' असे प्रकारसुद्धा होते. पुरुषाच्या कौमार्याची लक्षणं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हती. वैज्ञानिक आधार सापडत नाही असा अहवाल त्यांनी २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, वैद्यक परिषदेकडे आणि केंद्राच्या आरोग्य खात्याकडे पाठवला. २०१९ मध्ये नाशिकच्या त्या विद्यापीठाने हा भाग अभ्यासक्रमातून काढून टाकला.

मोर्चा नाही, उपोषण नाही. एका मास्तरने पुस्तक उघडून विचारलं की याला पुरावा कुठे आहे, आणि नव्हता म्हणून धडा गेला. मला विद्यापीठाकडून एवढंच हवं असतं.

हा धडा कुणाच्या आयुष्यावर उठला होता ते लक्षात घ्या. देश ज्याला मथुरा प्रकरण म्हणून ओळखतो ते १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात घडलं. आदिवासी मुलगी, आणि आरोपी दोन पोलीस. वैद्यकीय अहवालात योनिपटलाच्या जुन्या खुणांचा उल्लेख होता, त्यावरून तिला 'संबंधांची सवय' असल्याचं कोर्टात मांडलं गेलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून पोलीस सुटले. त्याविरुद्ध आधी उभे राहिले ते कायद्याचे चार प्राध्यापक. १९७९ मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. 'टू फिंगर टेस्ट'ला सर्वोच्च न्यायालयाने चुकीचं ठरवलं ते २०१३ मध्ये, आणि ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं बजावलं २०२२ मध्ये. एका चुकीच्या धड्याचं आयुष्य इतकं लांब असतं.

आणि तो परतही येतो. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ठरवलं की कौमार्य तपासणी अवैज्ञानिक आणि अमानुष का आहे हे विद्यार्थ्यांना शिकवायचं. छान. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या नव्या आराखड्यात हायमेनचं महत्त्व, कौमार्य, कौमार्यभंग हे सगळं पुन्हा हजर! ओरड झाली तेव्हा काही दिवसांत कागद मागे घेतला. नवीन व्हर्जनमध्ये जुना बग कुणीतरी परत मर्ज केला, दुसरं काय.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील, हे डॉक्टरांचं आणि कोर्टाचं झालं, दीनचं काय? बरं, दीनचं बोलू. पण मग किताब उघडून बोलू, ऐकीव नको.

हिदाया हा बाराव्या शतकातला हनफी फिक्हचा ग्रंथ आजही मदरशांत शिकवतात. त्यात निकाहच्या प्रकरणात साफ आहे की उडी मारल्याने, पाळीने, जखमेने किंवा वय वाढल्याने जिचं पटल गेलं, ती हुकुमाच्या दृष्टीने 'बिक्र'च, म्हणजे कुंवारीच. इमाम अबू हनिफा त्याही पुढे जातात. चुकीच्या संबंधातून गेलं असलं तरी लोक तिला कुंवारी म्हणून ओळखतात, तेव्हा निकाहच्या संमतीसाठी तिला तसंच धरा, तिला तोंड उघडायला लावून बदनाम करू नका. आम्ही कोकणी लोक शाफई. आमच्या इमाम नववींच्या मिन्हाजमध्येही पडल्यामुळे वगैरे पटल गेलं तर त्याने काही फरक पडत नाही असाच कौल आहे. त्या सगळ्या चर्चेतलं सगळं मला आज पटतं असं नाही. तिथे मुद्दा वलीच्या अधिकाराचा आहे आणि त्यावर माझे वेगळे वाद आहेत. पण आठशे वर्षांपूर्वीच्या फकिहांना जे कळत होतं, ते २०२० नंतर पदवी घेतलेल्या माझ्या भावाला कळू नये?

आणि संशयाचं काय? सूरह नूरच्या चौथ्या आयतीत पाकदामन बाईवर आळ घेणाऱ्याला चार साक्षीदार आणायला सांगितलंय. आणता आले नाहीत तर ऐंशी फटके. चार साक्षीदार! चादर साक्षीदार होत नाही. त्याच सूरहमध्ये नजर खाली ठेवायचा हुकूम आधी मर्दांना आहे, बायकांना त्यानंतर. आपल्या बयानांत हा क्रम कायम उलटा का ऐकू येतो, हे एकदा इमामसाहेबांना अदबीने विचारा.

'हया' हा शब्द पुढे करणाऱ्यांना हजरत उम्मे सुलैम यांची आठवण द्यायला हवी. बाईला स्वप्नावस्था झाली तर गुस्ल लागतो का, हे त्यांनी थेट रसूलल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना विचारलं, आणि सरळ उत्तर मिळालं. बुखारीत नोंद आहे. ही हया होती. आपल्याकडे आज जी आहे, ती फक्त गप्प बसण्याची सोय आहे.

ही सोय एकट्या आपलीच आहे असंही नाही. याच मुंबईत र. धों. कर्वे या गणिताच्या प्राध्यापकाला संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये कॉलेजची नोकरी सोडावी लागली. पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. २००७ मध्ये शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रात थांबवला तो 'संस्कृती'च्या नावाने. ते संस्कृती म्हणतात, आपण हया म्हणतो. मुलांच्या हाती दोन्हीकडे तोच मोबाईल.

म्हणून 'घरातलं बाहेर काढू नका, आधीच लोक आपल्यावर टपलेत' हा सल्ला मला मान्य नाही. टपलेले आहेत, खरं आहे. पण २०१८ मध्ये कंजारभाट समाजातल्या तरुणांनी लग्नातल्या कौमार्य चाचणीविरुद्ध तोंड उघडलं, मार खाल्ला, बहिष्कार सोसला. त्यांना काय जात प्यारी नव्हती? घरातली घाण घरच्यांनीच काढायची असते.

आता रकान्याकडे येतो. माझ्या स्वतःच्या निकाहनाम्यात वधूच्या नावापुढे छापलेलं होतं: कुंवारी, बेवा, मुतल्लका. काझींनी न विचारता पहिल्यावर खूण केली. माझ्या नावापुढे असा रकानाच नव्हता. मी तेव्हा सही करून मोकळा झालो, याची आज लाज वाटते. बायकोने नंतर एकदाच विचारलं, "तुमचं कुठे लिहिलंय?" मी उत्तर दिलं नाही.

कुणी म्हणेल, कुंवारी म्हणजे फक्त अविवाहित. मग 'अविवाहित'च छापा ना. आधीचा निकाह झाला होता का, इद्दत पुरी झाली का, हे काझींना माहीत हवंच. त्यासाठी अविवाहित, विधवा, तलाकशुदा हे शब्द पुरतात, आणि ते दोघांनाही विचारा. बांगलादेशात नेमकं हेच झालं. ढाक्याच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये निकाहच्या नोंदणी अर्जातला 'कुमारी' शब्द काढून 'अविवाहित' घालायला सांगितला, आणि वराचीही वैवाहिक स्थिती लिहायला लावली. जानेवारी २०२१ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आयेशा मलिक यांनी बलात्कार पीडितेची कौमार्य तपासणी बेकायदा ठरवली. दोन्ही देश मुसलमान बहुसंख्येचे. कुणाचा इस्लाम खतऱ्यात आला नाही. आणि आपल्याला तर कोर्टाचीही गरज नाही. आपल्याकडे हा छापील कागद बहुतेक जमात किंवा काझीच छापून घेतात. पुढच्या छपाईला एक शब्द बदलायचा आहे.

ज्यांचा निकाह ठरलाय, त्यांनी तारखेआधी कागद मागवून वाचा. गाडीच्या कर्जाचे वाचता तसे. रकाना असेल तर पेनाने खोडा आणि 'अविवाहित' लिहा, दोघांच्याही नावापुढे. हे काम वराने करायचं आहे. वधूने बोट ठेवलं तर उलट तिच्यावरच शंका घेतील, हे आपण सगळे जाणतो. आणि जमातींनी निकाहआधी मुलामुलींना एक तास एखाद्या डॉक्टरसमोर बसवावं, वेगवेगळं बसवायचं तर तसं बसवा. पुढे अडचण आलीच तर परळच्या केईएममध्ये लैंगिक समस्यांसाठी वेगळा विभाग आहे. हकीमाच्या पोस्टरवरचा नंबर फिरवण्यापेक्षा मुलुंडहून लोकल पकडणं बरं.

चुलतभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. बस ऐरोलीला पोचेपर्यंत तो फक्त "हां भाई, हां भाई" करत होता. रात्री त्याचा मेसेज आला, "काझीसाहेबांना कोण सांगणार?" मी म्हटलं, तू. दुसऱ्या दिवशी त्याने कोऱ्या निकाहनाम्याचा फोटो पाठवला, त्या रकान्याभोवती लाल गोल केलेला. तोच फोटो त्याने काझीसाहेबांनाही पाठवलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.