तपासणीच्या खोलीतला उजेड

दुपारच्या उन्हात वर्तमानपत्र उघडले, तर त्यातल्या काळ्या अक्षरांवरून डोळ्यात शिरणारा प्रकाश रात्री दिव्याखाली ठेवलेल्या कोऱ्या कागदावरच्या प्रकाशापेक्षा जास्त असतो. तरी अक्षरे काळीच दिसतात आणि कागद पांढराच. रेटिना शेजाऱ्याशी तुलना करून पाहते, हे आपण सगळेच शिकलो. कफलर यांनी 1953 मध्ये मांजराच्या गँग्लियन पेशींत दाखवलेली केंद्र आणि परिघ यांची परस्परविरोधी रचनाही आपल्याला पाठ असते. त्यामुळे तुलना पुढच्या पायऱ्यांवर होते आणि शंकुपेशी फक्त आपल्यावर पडलेला प्रकाश मोजून पुढे कळवते, असा समज मनात बसून जातो. तो समज सोडायला हवा, कारण त्याच्यामुळे रोजच्या तपासणीत आपण खोलीतल्या उजेडाकडे दुर्लक्ष करतो.

1971 मध्ये बेलर, फुओर्टेस आणि ओब्रायन यांनी कासवाच्या एकेका शंकुपेशीत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून तिचे विद्युतविभव नोंदले. प्रकाशाचा लहान ठिपका पडला की विभव ऋण बाजूला सरकत होते, हे अपेक्षितच होते. ठिपका खूप मोठा केला, तेव्हा मात्र त्याच पेशीचा प्रतिसाद काही क्षणांत मागे खेचला जाऊ लागला. पेशीवर पडणारा प्रकाश तेवढाच होता. वाढला होता तो भोवतालचा. मग त्यांनी शेजारच्या हॉरिझॉन्टल पेशीत कृत्रिम विद्युतप्रवाह सोडला, आणि प्रकाशात काहीही बदल न करता शंकुपेशीचे विभव हलले. भोवतालची खबर हॉरिझॉन्टल पेशींमार्फत उलट दिशेने, थेट प्रकाशग्राहक पेशीपर्यंत येत होती.

अंधारात शंकुपेशी ग्लुटामेट सतत सोडत असते, प्रकाश पडला की कमी करते. भोवताल उजळला की हॉरिझॉन्टल पेशी तिच्या कॅल्शियम चॅनेल्सचा उघडण्याचा बिंदू सरकवतात, ग्लुटामेट पुन्हा थोडे वाढते आणि पुढे जाणारा उजेडाचा संदेश सौम्य होतो. हे काम गाबा करते, प्रोटॉन करतात, की सायनॅप्सच्या अरुंद फटीतले विद्युतक्षेत्र, हा वाद जुना आहे आणि अजून मिटलेला नाही. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. 2003 मध्ये मकाक माकडाच्या शंकुपेशींतही भोवतालचा हाच विरोध नोंदला गेला. मकाकची रेटिना आपल्या रेटिनाच्या इतकी जवळची आहे, की हा विषय कासवापुरता म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

आता आपल्या खोलीत येऊ. फोटोपिक ईआरजीआधी रुग्णाला 30 कँडेला प्रति चौरस मीटरच्या पार्श्वभूमीसमोर किमान 10 मिनिटे बसवावे, असे आयएससीईव्हीचे मानक सांगते. गर्दीच्या दिवशी पहिली कात्री याच 10 मिनिटांना लागते. दंडपेशी तर उजेडात दबतातच, मग थांबायचे कशाला, असा हिशेब असतो. पण उजेडात बसवल्यावर शंकुपेशींच्या यंत्रणेचा ईआरजी प्रतिसाद कित्येक मिनिटे वाढत जातो. घाईने नोंदलेली बी-वेव्ह खुजी येते आणि एखाद्या शाळकरी मुलाच्या केसपेपरवर कोन डिस्ट्रॉफीची शंका लिहिली जाते. अशा एका प्रश्नचिन्हाने घरातल्यांची झोप उडते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून ही घाई आम्हाला अक्षम्य वाटते.

पेरिमीटरचा भोवताल बनवणाऱ्यांनीच 31.5 अ‍ॅपोस्टिल्बवर बांधून दिला आहे. खोली अंधारी ठेवली की तिथे निभावते. दृष्टितक्त्याला असा कोणी वाली नाही. शिबिरात तो शाळेच्या व्हरांड्यात टांगला जातो, मागे उघडे आकाश, आणि सकाळी अकराला उन्हात असलेला तक्ता चारला सावलीत जातो. एकाच मुलाची नोंद दोन वेळी वेगळी आली, तर दोष मुलाचा समजू नये. आंतरराष्ट्रीय शिफारस तक्त्यावर किमान 80 कँडेला प्रति चौरस मीटर असावेत अशी आहे. छापील पांढऱ्या तक्त्यावर लक्समीटर साधारण 300 दाखवत असेल, तर तेवढी प्रकाशमानता मिळते.

रुग्णाच्या तक्रारीतही हाच भोवताल बोलत असतो. मोतीबिंदू मागच्या आवरणाशी असलेला शेतकरी आपल्या मंद खोलीत 6/9 वाचतो आणि उन्हात बांधावरचा माणूस ओळखू येत नाही म्हणतो. खोलीत बाहुली मोठी असते. उन्हात ती आकसते आणि विखुरलेला प्रकाश रेटिनाभर पसरून शंकुपेशींना हवा असलेला फरकच पुसून टाकतो. दुसरा रुग्ण तिन्हीसांजेला बरे दिसते, दिवसा डोळे दिपतात असे सांगतो. तिथे शंकुपेशींचाच आजार शोधावा लागतो. कोणत्या उजेडात त्रास होतो, हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. तो न विचारता नुसत्या 6/9 वर रुग्णाला परत पाठवणे ही अर्धवट तपासणी आहे.

वाचकांना आमची विनंती आहे: या आठवड्यात आपल्या तक्त्यावरचा उजेड सकाळी आणि संध्याकाळी मोजा, आणि केसपेपरवर दृष्टीच्या नोंदीशेजारी तो लिहायला सुरुवात करा. शिबिरे घेणाऱ्यांनी आपली मोजमापे जागा आणि वेळ नमूद करून आमच्याकडे पाठवावीत. ती आम्ही छापू.