‘शस्त्रक्रिया होणार नाही’ या शब्दांचा अर्थ



कावीळ झाली म्हटले, की आपल्या खेड्यांतून प्रथम आठवण होते ती कावीळ उतरविणाऱ्याची, गळ्यात घालावयाच्या माळेची आणि उसाच्या रसाची. धार व देवास या जुन्या पवार संस्थानांच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या नांदत असलेली आपली मराठी कुटुंबेही या चालीला अपवाद नाहीत. पुष्कळशा काविळी काही आठवड्यांत आपोआप उतरतात, आणि त्यांचे श्रेय माळेला मिळते. परंतु एक कावीळ अशी असते, की ती बहुधा वेदनेवाचून येते, दिवसेंदिवस गडद होते, अंगास विलक्षण खाज सुटते, लघवी तांबूस होते आणि शौचास पांढुरके होते. यकृतातून आतड्याकडे जाणारी पित्ताची वाट कोठेतरी बंद झाली आहे, याची ही खूण होय. वाट अडविणारा कधी साधा खडा असतो, तर कधी पित्तनलिकेचा कर्करोग.

या दुसऱ्या शत्रूची गाठ पडली, म्हणजे घरच्या मंडळींच्या कानी दोन वाक्ये पडतात. एक डॉक्टर सांगतात, “शस्त्रक्रिया होणार नाही.” दुसरा कोणी सांगतो, “केमोथेरपी द्या, गाठ आटेल, मग शस्त्रक्रिया होईल.” पहिल्या वाक्याने घर हातपाय गाळून बसते, दुसऱ्याने शेत गहाण पडते. या दोहोंत खरे काय, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की ‘शस्त्रक्रिया होणार नाही’ या एकाच वाक्यात तीन निरनिराळी कारणे दडलेली असू शकतात.

पहिले कारण असे, की रोग मूळ जागा सोडून दूर गेला आहे; फुफ्फुसात, पोटाच्या अस्तरात किंवा यकृताच्या दोन्ही भागांत त्याची बीजे पडली आहेत. दुसरे असे, की रोग आहे एकाच ठिकाणी, परंतु त्याने यकृताला रक्त पुरविणाऱ्या शिरा व धमन्या वेटाळल्या आहेत. तिसरे कारण रोगाचे नव्हे, रोग्याचे: गाठ काढता येईल, परंतु मागे उरणारा यकृताचा तुकडा देह चालविण्यास अपुरा पडेल, अथवा रोगी इतका क्षीण झाला आहे, की एवढा आघात त्याला सोसवणार नाही.

शेतकऱ्याला हा भेद चटकन उमगेल. कुंपणाच्या तारेत रानवेल गुंतली असेल, तर ती वाळवून तार मोकळी करण्याची आशा धरता येते. पण त्याच वेलीचे बी साऱ्या वावरात उधळले गेले असेल, तर एक वेल उपटून काय होणार? केमोथेरपीने शस्त्रक्रियेची वाट मोकळी होण्याची आशा असते ती मुख्यत्वेकरून दुसऱ्या प्रकारात. पहिल्या प्रकारात ही औषधे आयुष्य वाढवितात, त्रास कमी करतात. परंतु शस्त्रक्रियेचे दार उघडणे तेथे फार विरळा. तिसऱ्या प्रकाराचा इलाज निराळा असतो. यकृत हा पुन्हा वाढणारा अवयव आहे. रोगग्रस्त बाजूस जाणारी मोठी शीर डॉक्टर आतून बंद करतात, तेव्हा निरोगी बाजू काही आठवड्यांत वाढू लागते. आणि अडलेले पित्त वाहते करून रोग्यास सकस अन्न दिल्याने पुष्कळदा त्याच्या अंगी बळ येते.

आता अनुभव काय सांगतो ते पाहू. ब्रिटनमध्ये झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ४१० रोगी होते. जेमसिटाबिन हे एकच औषध मिळालेल्यांचे मध्यम आयुष्य ८.१ महिने भरले. त्यास सिसप्लाटिनची जोड मिळालेल्यांचे ११.७ महिने. तेव्हापासून ही जोडी या रोगाच्या उपचाराचा पाया ठरली, आणि २०२२ पासून तिला देहाची प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधाचीही जोड देण्यात येऊ लागली. परंतु त्या चाचणीचा हेतू आयुष्य वाढविणे हा होता, गाठ शस्त्रक्रियेजोगी करणे हा नव्हे.

त्या दुसऱ्या हेतूचा शोध अन्यत्र झाला. पॅरिसजवळच्या व्हिलज्विफ येथील शल्यविशारदांनी २०१८ साली प्रसिद्ध केले, की यकृतातील पित्तनलिकांच्या कर्करोगाने पीडित अशा ७४ रोग्यांना, ज्यांची गाठ स्थानिक कारणांमुळे काढता येत नव्हती, त्यांनी आधी केमोथेरपी दिली. त्यांपैकी ३९ जणांची शस्त्रक्रिया पुढे होऊ शकली. जपानमधील एका रुग्णालयाने २०१५ साली ३९ रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांत १० जणांवर शस्त्रक्रिया झाली. आपल्या मुंबईतील परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१८ साली पित्तनलिकेच्या शेजारच्या अवयवाचा, म्हणजे पित्ताशयाच्या कर्करोगाचा, वृत्तांत प्रसिद्ध केला. स्थानिकरीत्या वाढलेल्या रोगाच्या १६० रोग्यांना प्रथम केमोथेरपी देण्यात आली आणि ६६ जणांचा रोग शस्त्रक्रियेने काढता आला.

हे आकडे धीर देणारे आहेत, परंतु ते वाचताना विवेक सोडू नये. हे निवडलेले रोगी होते. दूरवर पसरलेल्या रोगाची त्यांत गणना नव्हती. शिवाय शस्त्रक्रिया झालेले रोगी अधिक काळ जगले, तरी त्याचे सर्व श्रेय सुरीचे नव्हे. ज्यांचा रोग मुळात सौम्य होता, तेच औषधाला वश झाले, असेही त्यात असते. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. छायाचित्रात आटलेली दिसणारी गाठ म्हणजे मृत व्रण की जिवंत रोग, हे कित्येकदा पोट उघडल्यावरच कळते, आणि कधी कधी शल्यविशारदाला काही न काढता पोट शिवावे लागते. म्हणून ‘केमो दिली की शस्त्रक्रिया होतेच’ असे म्हणणारा आणि ‘आता काहीच होणे नाही’ असे म्हणणारा, दोघेही सत्याचा अर्धाच भाग बोलतात.

तेव्हा घरच्या माणसांनी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. तीन कारणांपैकी आमच्या रोग्याचे कारण कोणते? यकृत व पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया नित्य करणाऱ्या शल्यविशारदाने चित्रे स्वतः पाहिली आहेत काय? गाठीचा तुकडा तपासून रोगाचे निदान पक्के झाले आहे काय? केमोथेरपी सुरू केल्यास पुन्हा तपासणी केव्हा व्हावयाची, आणि निर्णय एकट्या डॉक्टरांचा असेल की अनेक तज्ज्ञांच्या बैठकीचा? हे उपचार सामान्यतः तीन आठवड्यांच्या फेऱ्यांनी चालतात, आणि दोन-तीन महिन्यांनी स्कॅन करून फळ पाहतात. म्हणजे आशेलाही मुदत असते.

कावीळ गडद असताना ही औषधे सहसा देता येत नाहीत. प्रथम दुर्बिणीतून किंवा त्वचेतून नळी घालून पित्त वाहते करावे लागते. नळी बसविल्यावर थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या पित्तातील जंतू एका दिवसात प्राण घेऊ शकतात. माळेपायी दवडलेले आठवडे असे महागात पडतात.

देवासहून इंदूर सुमारे ४० किलोमीटर आहे आणि धारहून सुमारे ६५. तेथील सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालय बहुतेकांना ठाऊक आहे. दुसरे मत मुंबईस घ्यावयाचे असल्यास सर्व चित्रे व तपासणीचे कागद सोबत न्यावेत. नुसता अहवाल पुरत नाही. कर्करोगाच्या रोग्यास व सोबतच्या एका माणसास उपचारासाठी जाताना रेल्वे भाड्यात सवलत मिळते. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे, आणि २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील वृद्धांना उत्पन्नाची अटही राहिलेली नाही. रुग्णालय त्या योजनेत आहे की नाही, हे आधी विचारावे. जमिनीचा सौदा मागाहून करावा, आणि शक्य तर करूच नये.

शेवटी एक विनंती. रोग्यांच्या घरी जाणे हे ज्याचे नित्याचे काम, त्याला एक दृश्य वारंवार दिसते. मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठून म्हणतो, “बाबांना सांगू नका.” त्यामागची माया खोटी नसते. परंतु सुई ज्याच्या हातात टोचली जाणार, ओकाऱ्या ज्याला सोसावयाच्या, आणि उरलेले महिने ज्याचे, त्यालाच काही न सांगता आपण त्याच्या वतीने आशा आणि निराशा ठरवितो. कदाचित तो म्हणेल, “तीन महिने औषध घेऊन पाहू.” कदाचित म्हणेल, “मला घरीच राहू द्या, दुखणे तेवढे आवरा.” दोन्ही उत्तरे आदरणीय आहेत, आणि दुखणे आवरणे हाही उपचारच आहे. मात्र उत्तर त्याने द्यावयाचे असेल, तर प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. वडिलांनी आजवर घराचे सारे मोठे निर्णय घेतले. हाही त्यांनाच घेऊ द्यावा.