केमो प्रत्येकीलाच हवी का?

स्तनातील गाठ काढल्यावर कर्जत-खालापूरच्या घरात पहिली चिंता असते, केमोसाठी परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरला किती फेऱ्या होणार? खरे तर आधी विचारायला हवे, केमो लागणारच आहे का?

ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्या गाठीचा प्रकार सांगतात. संप्रेरकांवर वाढणाऱ्या, हर-२ निगेटिव्ह आणि सुरुवातीच्या टप्प्यातील गाठीत केमोचा फायदा सर्वांना सारखा नसतो. बेंगळुरूच्या ‘ऑन्कोस्टेम’च्या संस्थापक डॉ. मंजिरी बाकरे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘कॅन्सर मेडिसिन’मध्ये मांडलेली ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ चाचणी अशांसाठीच आहे. पाच प्रथिने, गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेतील ग्रंथींची स्थिती यांवरून ती आजार उलटण्याचा धोका वर्तवते. गुण १५.५ पर्यंत असतील तर धोका कमी.

मात्र हा पुरावा प्रामुख्याने जुन्या रुग्णांच्या साठवलेल्या नमुन्यांवरचा आहे. त्यामुळे अहवाल पाहून स्वतःच केमो नाकारू नये. धोका कमी असला तरी हार्मोनच्या गोळ्या काही वर्षे घ्याव्याच लागतात. गाठीचा ब्लॉक आणि अहवाल जपून ठेवा आणि केमोपूर्वीच डॉक्टरांना विचारा.