समुद्रापलीकडील वंशावळ

जुन्या कुलवृत्तान्तांत एखाद्या नांवापुढें ‘परागंदा’ एवढाच शेरा असतो. पुढें वंश खुंटतो. पण गेलेला मनुष्य कोठें तरी पोंचलेलाही असतो, आणि पोंचल्याची नोंद पुष्कळदां घरच्या नोंदीहून सविस्तर असते. कोंकणांतून मॉरिशसला गेलेल्या कुटुंबांची, ज्यांच्यापाशीं छापील कुलवृत्तान्त कधींच नव्हता, वंशावळ अशीच सरकारी वह्यांत सांपडते.

त्या बेटावर उंसाच्या मळ्यांसाठीं हिंदी मजूर करारानें नेण्यास १८३४ सालीं प्रारंभ झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत सुमारें ४,५०,००० माणसें तेथें उतरलीं. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून गेलीं. मुंबईहून गेलेल्यांत मराठी बोलणारे पुष्कळ होते. पोर्ट लुई येथें १८४९ सालीं उभारूं लागलेल्या ठाण्यांत, ज्यास आतां आप्रवासी घाट म्हणतात, उतरलेल्या प्रत्येकाची नोंद होई: क्रमांक, नांव, बापाचें नांव, जात, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, परगणा, गांव, जहाज. पुढें छायाचित्रेंही काढूं लागले.

शोध घेणारानें नांवामागें धांवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. कारकून ऐकेल तसें इंग्रजी अक्षरांत लिही; ‘ळ’ आणि ‘ल’ एकच होत, रत्नागिरीची ‘रटनाघेरी’ होई. शिवाय तेथें आजोबांचें पाळण्यांतलें नांवच नातवांचें आडनांव होऊन बसे. खरा धागा क्रमांकाचा. तो विवाहाच्या व मृत्यूच्या दाखल्यांतही आढळतो. म्हणून आधीं घरांतले जुने दाखले काढावे, आणि आंकडा हातीं लागल्यावर मोका येथील महात्मा गांधी संस्थेकडे विचारणा करावी. वह्या तेथें जतन केल्या आहेत. गांवाचें नांव मिळालें कीं तें मोठ्यानें, कोंकणी हेल काढून वाचावें. डोळ्यांस न ओळखणारें गांव कानांस ओळखतें.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्या वह्यांत स्त्रीसही स्वतंत्र क्रमांक आहे. तिचें नांव, उंची, गांव सारें आहे. मजुरांची मोजदाद करणाऱ्या सरकारचा हेतु कांहीं थोर नव्हता. तरी आपल्या घरीं पणजीचें माहेरचें नांव विचारून पाहावें. सांगणारे किती निघतील?

तेथेंच जन्मलेल्या मुलांस मात्र आगमनाचा क्रमांक नसतो. अशा वेळीं बापाचा क्रमांक मिळाला नाहीं म्हणून थांबूं नये, आईचा पाहावा.