चिठ्ठीवर विकलेला पत्रा

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की मांजरसुंब्याच्या घाटाआधी, बिंदुसरा धरणाजवळ पाली लागते. या पट्ट्यात घरे दुरुस्त होतात ती उन्हाळ्यात. कारखान्यांचा पट्टा पडतो, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात, उचलीचा हिशेब होतो आणि हातात काही उरलेच तर पाऊस यायच्या आत पत्रे बदलायचे, न्हाणीला दार बसवायचे, टाकी वर चढवायची, अशी धांदल उडते. घरकुलाचा हप्ता पडलेल्यांची घाईही याच दिवसांतली. बाजारातून टेम्पो भरून माल येतो. सोबत येते ती दुकानाच्या पॅडवरची चिठ्ठी: पत्रा १२ फुटी, १४ नग, हुक, हमाली, खाली बेरीज. सही नाही, जीएसटी क्रमांक नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पत्र्याची जाडीही नाही.

पत्र्याचा भाव ठरतो तो जाडीवर आणि त्यावरच्या जस्ताच्या थरावर. ०.५० मिलिमीटर म्हणून घेतलेला पत्रा ०.४० निघाला तर नुसत्या डोळ्यांना समजत नाही. रंग तोच, चकाकीही तीच. पहिला पावसाळा कसाबसा निभतो. पुढच्या पावसाळ्यात हुकांच्या भोकांभोवती गंज धरतो आणि ज्वारीच्या पोत्यांवर थेंब पडू लागतात. दुकान गाठावे तर उत्तरे तयार असतात: मिस्त्रीने नीट बसवला नाही, कंपनीला विचारा, विकलेला माल परत घेत नसतो.

ही तिन्ही उत्तरे ऐकून मुकाट परत फिरण्याचे काहीही कारण नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच. त्यासाठीची मुदत बिलावर लिहिली असेल ती, लिहिलेली नसेल तर ३० दिवस. म्हणजे भिंतीवर ‘विकलेला माल परत घेत नाही’ अशी पाटी लावून दुकानदाराची सुटका होत नाही. ३० दिवस उलटल्यावर दोष उघडा पडला, तरी सदोष मालाबद्दल ग्राहक आयोगात दाद मागण्याचा हक्क उरतोच. तक्रारीत दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करता येते. मिस्त्रीने मजुरी घेऊन काम बिघडवले असेल तर तोही सेवा देणाराच आहे; घरबांधणी ही कायद्याच्या अर्थाने सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच सांगून ठेवले आहे.

तक्रार बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, माल संभाजीनगरहून आणला असला तरीही, कारण तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दाद मागण्याची सोय नव्या कायद्याने केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतोच असे नाही. मुदत दोन वर्षांची. डोळ्यांना न दिसणारा दोष असेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्या तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

मग अडते कुठे? चिठ्ठीवर. पक्के बिल मागितले की दुकानदार म्हणतो, जीएसटी पडेल. वीस हजारांच्या पत्र्यावर १८ टक्क्यांनी ३,६०० रुपये होतात, आणि वर्षभराची मजुरी उचलीत आधीच कापली गेलेल्या माणसाला हे पैसे वाचलेले बरे वाटतात, यात त्याला दोष देता येणार नाही. पण या ३,६०० रुपयांत तो आपला पुरावा विकून बसतो. ज्या जाडीचे पैसे मोजले ती कुठेच लिहिलेली नसेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल ताडून पाहायचा कशाशी? आमचे सांगणे स्पष्ट आहे: कर भरा, पण बिलावर कंपनीचे नाव, जाडी आणि आयएसआय खूण लिहून घ्या. सिमेंट घेताना पोत्यावर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष मोबाइलने टिपून ठेवा. ज्यांनी चिठ्ठीवर माल घेऊन टाकला आहे त्यांनीही हात टेकू नयेत. फोनवरून केलेला भरणा, व्हॉट्सॲपवर आलेला दर, टेम्पोची पावती, गंजलेल्या पत्र्याचे फोटो हे सारे पुरावेच आहेत. दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि मग आयोगाकडे जावे.

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. घरकुलाचा हप्ता सोडताना बांधकामाचे जिओ टॅग फोटो काढले जातात. त्या फोटोत पत्रा पडलेला दिसतो, तो किती जाडीचा आहे हे दिसत नाही. सरकारी अनुदानातून उभ्या राहणाऱ्या घराला हलका माल विकला जात असेल, तर ती लाभार्थ्याच्या इतकीच सरकारी पैशाचीही लूट आहे. दुकानांच्या बिलांची तपासणी करण्याचे अधिकार ज्या खात्यांकडे आहेत, त्यांनी ती हंगामात करावी.

आयोगांचे दुखणे वेगळे. तपासणी नको असलेली तक्रार तीन महिन्यांत आणि तपासणीची तक्रार पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आयोगांतल्या रिकाम्या खुर्च्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली होती. त्यामुळे लांबणाऱ्या तारखांचा खेळ बीडला अधिकच महागात पडतो. दसरा-दिवाळीनंतर तक्रारदार कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर असतो. तारखेला यायचे तर कोयता बंद आणि मुकादमाचा खाडा. कायद्यात दूरचित्रसंवादाने सुनावणी मागण्याची तरतूद आहे. ती फडावरच्या माणसासाठी वापरात आणावी आणि तक्रारी लिहून घेण्याचे शिबिर पालीसारख्या गावात एप्रिल-मेमध्येच भरवावे. ग्राहक दिन २४ डिसेंबरला येतो, पण ज्यांच्यासाठी तो साजरा करायचा त्यांतले निम्मे लोक त्या दिवशी गावात नसतात.